कडगंचीची काळी माती आणि मृगाचे पाहुणे

कलबुरगीहून, म्हणजे आपल्या जुन्या ओळखीच्या गुलबर्ग्याहून, आळंदच्या रस्त्याला लागले म्हणजे सुमारे २५-३० किलोमीटरवर कडगंची हे गाव लागते. दोन्ही अंगांस काळीभोर सपाट जमीन, मधूनच एखादी बाभूळ वा लिंब, आणि हंगामात नजर पोहोचेल तेथवर तूर. या जिल्ह्यास लोक तुरीची कणगी म्हणतात. येथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकनही लाभले. १९५६ पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. सोलापूर व धाराशिव जिल्हे जवळ असल्यामुळे कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा येथे शेजारणींप्रमाणे एकत्र नांदतात. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाच्या इमारती आता याच शिवारात उभ्या आहेत.

वाचकहो, ही माती पाहावी ती मे महिन्यात. तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गवताची काडी दिसत नाही. या भूमीच्या पोटात काही जिवंत असेल, असे परक्या माणसास सांगूनही पटणार नाही. मग एके दिवशी पश्चिमेकडून ढग चढतात, वळवाच्या किंवा मृगाच्या सरी कोसळतात, मातीचा तो परिचित गंध सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाबांधावरून लाल मखमलीचे इवलेसे गोळे संथपणे चालू लागतात. हाच आपला मृगाचा किडा. दख्खनच्या शिवारांतून तो सर्वत्र आढळतो, तसाच तो या भागातही पावसाबरोबर प्रकट होतो. सूर्य ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो, त्यावरून त्यास हे नाव पडले. पूर्वेकडे तेलुगू मुलखात पाऊस आर्द्रा नक्षत्राशी जोडलेला, म्हणून तेथे त्यास ‘आरुद्र पुरुगु’ म्हणतात. संस्कृतात तो इंद्रगोप. नावे निराळी, पण साऱ्यांच्या मनातील गोष्ट एकच: हा आला, म्हणजे पाऊस आला.

त्याचे स्वागतही ठरलेले असते. मुले त्यास तळहातावर घेतात. स्पर्श होताच तो पाय आखडून निश्चल होतो, आणि पुन्हा केव्हा चालू लागतो याची वाट पाहण्यात त्यांचा वेळ मोठ्या आनंदात जातो. आगपेटीत त्यास घालून शाळेत नेणारी मुले आज आजोबा झाली असली, तरी ती आठवण निघताच त्यांचा चेहरा उजळतो. थोरांची दृष्टी निराळी. त्यांना हा किडा दिसला की पाभर आठवते, बियाणे आठवते, आणि मागील वर्षाची उधारीही आठवते.

वास्तविक हा किडा नव्हेच. त्यास आठ पाय असतात आणि तो कोळी व गोचीड यांच्या कुळातला आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीत दडून राहतो. पावसाने जमीन भिजली म्हणजे भक्ष्य शोधण्यासाठी आणि वंश वाढविण्यासाठी थोडे दिवस वर येतो. वाळवी, लहान किडे व त्यांची अंडी हे त्याचे अन्न असल्यामुळे तो शेतकऱ्याचा शत्रू नसून मित्रच आहे.

वर्षातून एकदा येणाऱ्या या पाहुण्याचे आपणांस एवढे अप्रूप वाटते. मग जे पाहुणे चार वर्षांनी, किंबहुना सतरा वर्षांनी येतात, त्यांचे काय होत असेल? आपल्याच देशात, मेघालयातील री-भोई जिल्ह्यात, सैदेन गावाजवळच्या रानात सिकाडा नावाच्या किड्याची एक जात दर चार वर्षांनी भूमीतून वर येते. झाडावर बसून कर्कश किर्र आवाज करणारा हा किडा. तेथील लोक त्यास ‘निआंगतासेर’ म्हणतात. २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ या सालांत तो आला. जागतिक फुटबॉल स्पर्धेची सालेही हीच. रात्री मशाली घेऊन लोक रानात जातात, किडे गोळा करतात आणि आवडीने खातात. शास्त्रज्ञांनी या जातीस २०१३ साली नाव दिले. गावकऱ्यांस मात्र तिची पाळी पूर्वीपासून ठाऊक होती.

अमेरिकेच्या पूर्व भागात तर काही सिकाडा १३ वर्षांनी व काही १७ वर्षांनी वर येतात. तोवर त्यांची पिले जमिनीखाली झाडांच्या मुळांतील रस शोषून जगतात. आपल्या वर्षी वसंतात माती पुरेशी उबदार झाली की कोट्यवधी किडे थोड्याच दिवसांत बाहेर पडतात. पक्ष्यांनी कितीही खाल्ले तरी ते संपत नाहीत, आणि यातच त्यांच्या वंशाचे रक्षण आहे. २०२४ साली १३ वर्षांचा एक व १७ वर्षांचा एक असे दोन मोठे समूह एकाच वसंतात वर आले. त्या दोहोंचा असा योग यापूर्वी १८०३ साली आला होता. युरोपातून तेथे गेलेल्या पहिल्या ख्रिस्ती वसाहतकऱ्यांस निर्गमाच्या दहाव्या अध्यायातील टोळधाड तोंडपाठ होती. त्यांनी हे थवे पाहून त्यांस टोळच म्हटले, आणि ते चुकीचे नाव तेथील बोलीत अजून टिकून आहे. टोळ पाने कुरतडून शेत फस्त करतो. सिकाडा केवळ रस शोषतो, आणि तो चावतही नाही.

हा भेद अनुभवाने ओळखणारा एक शेतकरी मेरीलँड प्रांतात होऊन गेला. त्याचे नाव बेंजामिन बॅनेकर. तो स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात १७३१ साली जन्मला. १७४९ साली हे किडे आले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पिकांचा नाश होईल या भीतीने तो त्यांस मारीत सुटला, पण लवकरच त्यास त्या श्रमाची व्यर्थता कळून आली. १७६६ साली ते पुन्हा आले, १७८३ साली पुन्हा आले. त्याने सालांची नोंद ठेवली आणि पुढील आगमन १८०० साली होईल, असे वहीत लिहून ठेविले. हाच गृहस्थ पंचांगकर्ता म्हणून प्रसिद्धीस आला.

येथे कडगंचीचाच एक धडा आठवतो. मराठी मुलखात या गावाचे नाव घरोघरी पोहोचले ते गुरुचरित्रामुळे. सायंदेव येथील, आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर यांनी तो ग्रंथ रचिला, अशी परंपरा आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टी कोणीतरी लिहून काढल्या, म्हणून त्या उरल्या.

शेतीच्या आठवणी मात्र आपण लिहीत नाही, आणि त्याची किंमत मोजतो. मृगाचा किडा दिसला म्हणजे वरची माती भिजली, एवढेच तो सांगतो. पुढचे पंधरा दिवस पाऊस टिकेल, हे तो सांगत नाही. त्याच्या भरवशावर घाईने तूर पेरावी आणि पावसाने ओढ द्यावी, म्हणजे दुबार पेरणी आली, बियाण्याचा दुप्पट खर्च आला, आणि सावकाराचे दारही आले. ऋतूंची घडी विस्कटत चाललेल्या या दिवसांत केवळ स्मरणावर विसंबणे परवडणारे नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करावी. शाळकरी मुलाच्या हाती एक वही द्यावी. पहिला पाऊस कोणत्या तारखेस पडला, मृगाचा किडा केव्हा दिसला, ओल किती बोटे खोल गेली, पेरणी केव्हा झाली आणि मध्ये पावसाने किती दिवस दडी मारली, हे त्याने दरवर्षी लिहावे. पाच-दहा वर्षांत ती वही घरातील वडील माणसाइतकीच सल्ला देण्याजोगी होईल. भूमी आपला हिशेब अचूक ठेविते; तिच्या लेकरांनीही आपला ठेवावा.