इडिटारॉडबाई

मार्चच्या पहिल्या शनिवारी या बाई अलास्कातल्या अँकरेज शहरात नटूनथटून उभ्या असतात. नाव इडिटारॉड, जन्म 1973. धंदा एकच: कुत्र्यांच्या स्लेजगाड्या बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावापर्यंत, सुमारे 1,600 किलोमीटर पळवायच्या. नटायची हौस अशी की रस्त्यावर बर्फ नसेल तर ट्रक भरभरून आणून पसरतात. फोटो, टाळ्या, पुढारी, सगळं यथासांग. खरी शर्यत मात्र दुसऱ्या दिवशी, एरवी विलो गावातून सुटते.

घराण्याचा तोरा विचारू नका. 1925 साली नोममध्ये घटसर्प पसरला तेव्हा वीस जणांनी आळीपाळीने स्लेज हाकत औषध पोचवलं, ती कथा बाई आपलीच म्हणून ऐकवतात. खरं तर त्यांना जन्माला घालणाऱ्या जो रेडिंग्टनला स्नोमोबाइलचा घोर लागला होता. गावोगावची कुत्री या यंत्रांपायी दिसेनाशी होत होती. बापाचे उपकार बाईंनी कसे फेडले? एकदाही जिंकू दिलं नाही. 1997 साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो पुन्हा उतरला आणि नोमला पोचला, पण नंबर 36 वा.

बाईंना वेगाचं वेड आहे असा लोकांचा समज. चूक! त्यांची खरी मर्जी झोपेवर. पहिल्या दिवशी कुत्री इतकी उधळलेली असतात की हाकणाऱ्याला, म्हणजे मशरला, सगळा जीव ब्रेकवर ठेवावा लागतो. ज्याला तो वेग गोड लागतो, त्याच्याकडून बाई पुढे युकॉन नदीवर व्याजासकट वसूल करतात. मुरलेला मशर सुरुवातीला जितकं पळवतो, जवळजवळ तितकंच निजवतो. एक चोवीस तासांचा आणि दोन आठ-आठ तासांचे मुक्काम तर सक्तीचेच. कुत्र्यांचं शरीरही अजब: पहिले काही दिवस दमतं, मग त्या कष्टालाच रुळतं. पण त्यासाठी पोट भरलेलं हवं, रोज दहा हजार कॅलरींच्या आसपास.

मुक्कामावर बाईंचा सासुरवास मशरला. गाडी थांबली की आधी कुत्र्यांसाठी पेंढा. मग चूल पेटवून बर्फ वितळवायचा, मांस-चरबीचं पातळ कालवण करायचं. ते होईतो एकेका पंजाचे कापडी बूट काढून बोटांच्या बेचक्यात मलम चोळायचं. चौदा-सोळा कुत्री, म्हणजे साठाच्या घरात पंजे, आणि हातमोजे काढल्याशिवाय बुटाचा पट्टा सुटत नाही. कुत्री घोरू लागली की मग मशरचं जेवण, डुलकी. जाग येताच सगळे बूट पुन्हा चढवायचे. शर्यत इथे जिंकली जाते. बर्फावर तिचा नुसता निकाल दिसतो.

लगाम हा प्रकार बाईंना मंजूर नाही. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. बाकी सगळा भरवसा पुढच्या कुत्र्यावर. ते वादळात वाट सोडत नाही, पण त्याचं मन खट्टू झालं आणि ते बसलं, की मागची पलटणही बसते. म्हणून जाणता मशर चांगला नायक रोज पुढे जुंपत नाही. मधेमधे मागे घेऊन त्याला निवांत धावू देतो.

लहर फिरली की याच बाई सावधपणाला नाक मुरडतात. 1985 साली शाक्टूलिकच्या मुक्कामी वादळ पाहून बाकीचे मशर थबकले. लिबी रिडल्स मात्र नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावर निघाली आणि जिंकणारी पहिली स्त्री ठरली. भलत्याने हेच केलं असतं तर शोधायला माणसं पाठवावी लागली असती.

बाईंवर राग धरणारेही पुष्कळ, आणि उगाच नव्हे. 2024 साली वाटेत तीन कुत्री दगावली. त्यावर त्यांच्या तोऱ्यातलं कुठलंच उत्तर पुरेसं नाही.

नियमांत मात्र बाई पक्क्या. त्याच वर्षी मशर डॅलस सीव्हीच्या कुत्र्यांवर मूस हरीण चालून आलं, सीव्हीने गोळी घातली. खाण्याजोगं जनावर मारलं तर ते साफ केल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा इथला कायदा. याने आतडी घाईघाईत काढली म्हणून बाईंनी दोन तासांचा दंड ठोकला. पठ्ठ्याने दंड भरला आणि तरीही जिंकला, सहाव्यांदा. तसा विक्रम कोणाच्याच नावावर नव्हता.