निवेदकाच्या हातातील हातोडी

कुमारांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीत मैत्रीला जे स्थान असते, त्याविषयी काही लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. या विषयाकडे मी वळलो तो मात्र अभ्यासक म्हणून नव्हे, तर एका अपुऱ्या राहिलेल्या हस्तलिखिताचा लेखक म्हणून.

मराठी घरातल्या मुलाला इतिहास प्रथम भेटतो तो बहुधा शिवकालातून. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे माझे बालपण दिल्लीत गेले, तरी घरातल्या कपाटात हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ होतीच. मुलाचे लग्न बाजूला सारून १६७० साली कोंढाणा चढून गेलेला तानाजी हा माझ्या लेखी मैत्रीचा परमोच्च आदर्श होता. या मैत्रीला एक सोय लाभलेली आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. तेथे दोघेही मित्र एकाच पक्षाचे असतात आणि शत्रू तटापलीकडे असतो. एकाच जिन्याने ये-जा करणाऱ्या दोन मुलांपैकी एक जण रातोरात परका ठरला, तर दुसऱ्याने काय करावे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

पाश्चात्त्य कुमारवाङ्मयाला हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने घालून दिला. लोइस लोरी यांच्या १९८९ सालच्या ‘नंबर द स्टार्स’ या कादंबरीत १९४३ सालचे कोपनहेगन आहे. दहा वर्षांची ॲनमारी आपल्या एलन या ज्यू मैत्रिणीला वाचविण्याच्या कामी धैर्याने उभी राहते. या कथेतील आशा लेखिकेने पदरची घातलेली नाही. डेन्मार्कमधील सात हजारांहून अधिक ज्यू त्या शरद ऋतूत समुद्रमार्गे स्वीडनला सुखरूप पोहोचले, हे इतिहासाने नोंदविलेले सत्य आहे.

हान्स पेटर रिख्टर या जर्मन लेखकाची ‘डामाल्स वार एस फ्रीडरिख’ ही १९६१ सालची कादंबरी मात्र वेगळ्या वाटेने जाते. प्रकरणे लहान, वाक्ये त्याहून लहान, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर साल. १९२५ पासून १९४२ पर्यंतची ही साले वाचकाला भिववितात. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते, कथेतल्या मुलांना ठाऊक नसते. एकाच इमारतीत राहणारी दोन मुले. त्यांपैकी फ्रीडरिख ज्यू आहे. कथा सांगणाऱ्या दुसऱ्या मुलाला लेखकाने नाव दिलेले नाही. हा मुलगा दुष्ट नाही, त्याचे आईवडीलही सज्जन आहेत. तरीही बेकार असलेले वडील नोकरीसाठी नाझी पक्षाचे सभासद होतात. १९३८ च्या नोव्हेंबरात हा मुलगा जमावाबरोबर ज्यू शिकाऊ मुलांच्या वसतिगृहात शिरतो, त्याच्या हाती एक हातोडी येते आणि तो काचा फोडीत सुटतो. प्रथम त्याला उन्माद चढतो, मग थकवा आणि शिसारी येते. त्याच दिवशी फ्रीडरिखच्या घराचीही नासधूस होते. अखेरीस १९४२ साली बाँबहल्ल्याच्या वेळी घरमालक फ्रीडरिखला तळघरातील आश्रयस्थानात येऊ देत नाही, आणि तो बाहेरच मरतो.

हे पुस्तक मी इंग्रजी अनुवादात वाचले तेव्हा माझी स्वतःची कुमार कादंबरी निम्मी लिहून झाली होती. तिचा विषय होता १९८४ सालची दिल्ली. ते युद्ध नव्हते. परंतु १ नोव्हेंबरपासूनच्या तीन दिवसांत या शहरात जी माणसे मारली गेली, त्यांची सरकारी गणतीच २,७३३ आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक शीख कुटुंब राहत असे आणि त्यांचा मुलगा माझा जिवलग मित्र होता. वडिलांनी त्यांच्या दारावरची नावाची पाटी उतरवली, आणि ते चौघे दोन रात्री आमच्या मागच्या खोलीत राहिले. माझ्या हस्तलिखितात हे सर्व आले होते. त्यात एकही वाक्य असत्य नव्हते.

एक वाक्य मात्र गाळलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आईने माझ्या आईची शिवणाची कात्री मागून घेतली आणि त्याचे केस कापले. कापताना ती काही बोलत होती; ती प्रार्थना असावी. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. वेडेवाकडे कापलेले केस, उघडे पडलेले कान. त्याला पाहून मी हसलो. त्याच्या धर्मात त्या केसांचा अर्थ काय, हे मला चांगले ठाऊक होते. त्यानेच कधी तरी जिन्यावर बसून मला ते सांगितले होते. तो काही बोलला नाही, पुन्हा आत गेला. जानेवारीत ते कुटुंब लुधियान्याला निघून गेले. जाताना त्याची आई माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. तो टेम्पोत पुढे बसला होता, त्याने मागे वळून पाहिले नाही.

पुढे कितीदा तरी मी लोकांना आश्रयाची हकीकत सांगितली, हसण्याची कधीच नाही. माझ्या कादंबरीचा निवेदकही असाच निर्मळ उतरला होता. डेन्मार्कच्या ॲनमारीचे धैर्य मी त्याला फुकट बहाल केले होते. रिख्टरचा निवेदक बचावाचे एक अक्षरही न बोलता आपली हातोडी वाचकासमोर ठेवतो. त्यामुळेच किशोर वाचकाला त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे लागते. मुलांना इतके कठोर सत्य सांगावे काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. माझे उत्तर एवढेच, की मी स्वतः ते अकराव्या वर्षी जाणत होतो; सांगण्याची भाषा तेवढी माझ्याजवळ नव्हती.

हस्तलिखित आता मी पहिल्यापासून लिहावयास घेतले आहे. त्याचा आरंभ कात्रीपासून होतो. प्रकरणांच्या माथ्यावर मीही साले घातली आहेत, आणि निवेदकाला अद्याप नाव दिलेले नाही.