कॉल नंबर म्हणजे फोन नंबर नव्हे!

आधीच सांगून टाकते, माझी मराठी कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हटलं की मला अजून मनात हिशोब करावा लागतो. तरीही मराठी विभागासाठी लिहितेय, कारण गोष्टच तशी आहे.

सेकंड इयरच्या सुट्टीत सगळ्यांना कंपन्यांमध्ये इंटर्नशिप मिळाल्या. मला मिळाली आपल्याच लायब्ररीत! "काय, धूळ झटकणार का?" रूममेटने विचारलंच. मलाही तसंच वाटत होतं. पण ग्रंथपाल मॅडमनी पहिल्याच दिवशी वेगळं काम दिलं. लायब्ररी कशी वापरायची हे शिकवणारं ऑनलाइन ट्युटोरियल सिनियर्सनी बनवलं होतं, ते तपासायचं.

"म्हणजे स्पेलिंग बघू का मॅडम?"

"स्पेलिंग नको, मुलं बघ."

पद्धत सोपी होती. वेबसाइट्सच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी कळतात. म्हणून पाच जण बोलावले. काम एकच: ट्युटोरियल बघा, थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक कॅटलॉगमध्ये शोधा आणि रॅकवरून काढून आणा. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मी फक्त लिहून घ्यायचं, मदत अजिबात करायची नाही. (मला गप्प बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच!)

चौघांनी ट्युटोरियल भराभर पुढे ढकललं आणि कसंबसं पुस्तक आणलं. पाचवा फर्स्ट इयरचा, मराठी माध्यमातला. त्याने प्रत्येक वाक्य मन लावून वाचलं. पुस्तक सापडलं. स्क्रीनवर 'कॉल नंबर ६२१.४०२१' आलं. तो थांबला. मग हळूच म्हणाला, "ताई, हा लँडलाइन आहे का? कोणाला लावायचा?"

हसू ओठांपर्यंत आलं होतं. पण तो लगेच म्हणाला, "माझंच चुकलं असेल. मला नाही जमत हे." मग कळलं, वर्षभरात त्याने एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं. मित्राच्या झेरॉक्सवर दोन्ही सेमिस्टर काढल्या. काउंटरवर विचारायची लाज वाटायची.

माझं हसू तिथेच विरलं. मला तहसील कचेरीतला डोमिसाईलचा अर्ज आठवला. नमुन्यात एका रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं. मला वाटलं हे कुणाचं तरी नाव! विचारायची लाज वाटली, म्हणून रकाना कोरा सोडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी राहिले. तेव्हा मीही स्वतःलाच बावळट समजले होते.

त्या रात्री वहीत लिहिलं: चूक मुलाची नाही, आपल्या स्लाइडची आहे.

मॅडमनी मग डॉ. रंगनाथन यांच्याबद्दल सांगितलं. मूळचे गणिताचे प्राध्यापक, नंतर ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही तर एका वाचकाचं अख्खं वर्ष घालवलं होतं!

आम्ही ट्युटोरियल पुन्हा केलं, मराठीतूनही. 'कॉल नंबर म्हणजे पुस्तकाचा पत्ता' असं लिहून पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलचा आणि रॅकचा फोटो टाकला. थर्मोडायनॅमिक्स दोन ठिकाणी असतं हेही सांगितलं: फिजिक्सवाल्यांचं ५३६.७ ला, आपलं ६२१.४०२१ ला. माझी मराठी लायब्ररीतल्या काकांनी तपासली. मी 'पुस्तकाची पाठ' ऐवजी 'पुस्तकाचा कणा' लिहिलं होतं. काका पोट धरून हसले!

पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला पुन्हा बोलावलं. या वेळी तो सरळ रॅकपाशी गेला... आणि रिकाम्या हाताने परत आला. सगळ्या प्रती इश्यू झालेल्या! माझा चेहरा पडला. तो मात्र काउंटरवर गेला आणि न लाजता म्हणाला, "मॅडम, माझं नाव लावून ठेवा."

पुस्तक आरक्षित कसं करायचं, हे ट्युटोरियलमध्ये नव्हतंच. ती स्लाइड मी त्याच संध्याकाळी बनवली.