माकुलाचा घास

अंड्यातून बाहेर आलेलं माकुलाचं पिल्लू थेट मोठ्या माकुलासारखंच दिसतं. अळीची अवस्था नाही. पाठीत समुद्रफेसाची इवलीशी वडी घेऊनच ते जन्मतं, आणि पोटातला उरलासुरला बलक संपायच्या आत त्याला शिकार साधावी लागते. शिकारही हलती हवी. मेलेल्या घासाकडे ते सुरुवातीचे काही आठवडे ढुंकून बघत नाही. पोर्तुगालच्या दक्षिणेला, फारो शहरालगतच्या रिया फॉर्मोसा या खाजणाकाठी मी युरोपीय माकुल पाळायला शिकले. तिथे सकाळी आधी बघायचं ते भक्ष्याच्या टाक्यांकडे, माकुलांकडे नंतर.

हॅचरीत काम केलेल्या कुणाचाही हात पहिल्यांदा आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाकडे जातो. डब्यातली सुकी अंडी खाऱ्या पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी जिवंत खाद्य तयार. थोडं वाढवून दिलं की माकुलाची पिल्लं ते पकडतातही. पण वजन रेंगाळतं आणि मर वाढते. शेजारच्या टाकीत त्याच वयाच्या पिल्लांना खाजणातले मायसिड, म्हणजे जवळ्यासारखे बारीक जीव, दिले की फरक लवकरच नजरेत भरतो. पोट भरणं आणि अंगी लागणं यांतलं अंतर मला या दोन टाक्यांइतकं स्पष्ट कुठेच दिसलेलं नाही.

कारण चरबीत आहे. माशांच्या खाद्यात तेल वाढवलं की माशाला त्यातून ऊर्जा मिळते आणि प्रथिनं वाढीसाठी वाचतात, हा मत्स्यशेतीतला नेहमीचा हिशेब. माकुलाला तो लागू होत नाही. त्याचं शरीर प्रथिनांचंच बनतं आणि इंधन म्हणूनही मुख्यतः प्रथिनंच जाळतं. साधी चरबी त्याला नीट पचत नाही. त्याला हवी असतात फॉस्फोलिपिडं आणि डीएचएसारखी लांब साखळीची मेदाम्लं, तीही थोडक्या चरबीत. आर्टेमियात नेमकं उलट असतं. कोळंबीच्या कुळातले प्राणी मात्र या मापात बसतात. शिवाय त्यांच्या रक्तात माकुलाच्या रक्तासारखंच तांबं असतं. निळ्या रक्ताच्या प्राण्याला ते मिळायला हवं.

पिल्लं थोडी मोठी झाली की खाजणातली बारीक कोळंबी सुरू करायची. याच वयात मासे दिले तर माकुल खातं, पण वाढ कोळंबीवरच्या भावंडांच्या मागे पडते. तुलना करताना पाण्याचं तापमान मात्र सारखं हवं. पाणी तापलं की माकुल भराभर खातं, भराभर वाढतं आणि लवकर म्हातारंही होतं. तो वेग खाद्याच्या खात्यावर मांडायचा नसतो.

वजन करताना मी माकुल पाण्याबाहेर काढत नाही. पाण्याचं भांडं आधी काट्यावर शून्य करायचं, मग माकुल हलकेच त्यात सोडायचं. घाबरलं तर शाई सोडतं, आणि त्या दिवशी खाण्यावरून त्याचं मन उडतं. खाद्याचे उरलेले तुकडे गाळून, निथळून तेही तोलायचे. त्याशिवाय ‘किती खाल्लं’ हा आकडा नुसता अंदाज ठरतो.

पण काट्यापेक्षा माझा विश्वास समुद्रफेसावर जास्त. कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येतो तोच. मेलेल्या माकुलाच्या वडीचा उभा छेद घेतला की थरावर थर दिसतात. पोटभर खाल्लेल्या दिवसांत थरांमधलं अंतर मोकळं, उपासमारीत ते दाटीवाटीने बसलेले. थंडीतही ते असेच दाटतात, म्हणून तापमानाची वही शेजारी ठेवूनच वाचायचं.

तयार खाद्याच्या गोळ्यांवर पुष्कळ मेहनत झाली आहे. चव आणि मऊपणा जमला की माकुल त्या धरतंही, पण कोळंबीइतकी वाढ देणारी गोळी माझ्या हाती अजून आलेली नाही. तोवर मी गोठवलेल्या कोळंबीच्या बाजूने आहे. शिकारीला सरावलेल्या पिल्लांना हळूहळू तिच्यावर आणता येतं. वाढ थोडी कमी मिळाली तरी मला चालेल, कारण जिवंत भक्ष्यासाठी रोज खाजण उपसायचं, तर एका जिवाच्या शेतीपायी दुसऱ्या कितीतरी जिवांचं घर रिकामं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांतले मायसिड मात्र मी सोडणार नाही. तिथे काटकसर केली की पिल्लं मरतात.