फाटका आवाज

शिराळ्यात आमचे घर 'स्पीकरवाल्यांचे' म्हणून ओळखले जाई. लग्न, उरूस, सप्ताह, निवडणुकीची सभा, सगळीकडे अब्बा कर्णे लावायचे. नागपंचमी म्हणजे मोरणाकाठच्या या बत्तीस शिराळ्याचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस, आणि आमच्या दुकानाचाही. मशिदीत फजरची अजान ज्या जातीच्या मशीनवरून होई, त्याच जातीचे मशीन दुपारी मिरवणुकीपुढे गाडीवर असे. वॉल्व्हला त्यातला फरक कळत नसे, आणि गावालाही त्यात काही वावगे वाटत नसे.

अब्बा गेल्यावर एकच मशीन उरले. चार ईएल ३४ वॉल्व्हचे, १०० वॅटचे, उचलताना कंबर धरणारे. पुण्यात शिकणारा माझा भाचा गिटार वाजवतो. सुट्टीत आला आणि त्याची नजर माळ्यावर गेली. "मामू, इसका गिटार का अॅम्प बनाएंगे. आवाज फटा हुआ होना, पर बारीक होना."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. आवाज फाटू नये यासाठी अब्बांचा जन्म गेला. भाषणात आवाज फाटला की पैसे कापले जात, आणि पैशांपेक्षा अब्रू जाई. आणि या पोराला फाटकाच आवाज हवा होता! त्यानेच मग सांगितले, की १९६४ साली द किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्पीकरचा पुठ्ठा ब्लेडने चिरला होता, आवाज फाटावा म्हणून. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये गिटारसाठी जे मशीन तयार झाले, त्याच्या पुढच्या मॉडेलांत हेच ईएल ३४ वॉल्व्ह आले. वॉल्व्हला ताकदीबाहेर ताणले, की तो लाटेची टोके हळूहळू गोल करतो. ट्रान्झिस्टर ती एकदम छाटतो. गिटारवाल्यांना ते गोल फाटणे गोड लागते. अडचण एवढीच, की त्यासाठी मशीन पूर्ण जोरावर चालवावे लागते, आणि १०० वॅटचे मशीन पूर्ण जोरावर चालले की शेजारी दारात येतो.

आम्ही ते ओट्यावर उघडले. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरांत चारशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. रेझिस्टन्स लावून ते उतरवायचे, मीटरने शून्य पाहायचे, आणि तपासताना एक हात खिशात ठेवायचा, ही अब्बांची शिस्त. दुसरी शिस्त, स्पीकर जोडल्याशिवाय मशीन चालवायचे नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कर्णे लांब लांब टांगायचे म्हणून या मशीनला १०० व्होल्टची लाइन असे, म्हणजे बारीक तारेतून एकच अँपियर जाई. गिटारच्या ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच वॅटसाठी साडेतीन अँपियर लागतात. तारा जाड घेतल्या. जुने कंडेन्सर बदलले. एका माइकचा रस्ता बंद करून त्याचा अर्धा वॉल्व्ह दुसऱ्याच्या पुढे जोडला, म्हणजे आवाज आधीच फाटू लागेल.

भाच्याने दोन मोठे वॉल्व्ह काढून ठेवले. म्हणाला, आता आवाज अर्धा. मी स्पीकर ४ ओहमच्या टोकाला जोडून दिला, कारण निम्मे वॉल्व्ह गेले की जोडणीही बदलावी लागते. वाजवून पाहिले तर त्याचे तोंड उतरले. वॅट निम्मे झाले तरी फक्त ३ डेसिबल उतरतात, कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा वाटायला वॅट दहापट कमी करावे लागतात. शेवटी मोठ्या वॉल्व्हच्या तोंडाशी एक जोड-पॉट बसवला. मागचे वॉल्व्ह मनसोक्त फाटतात, पुढच्यांना मोजकेच मिळते. चव थोडी उतरते. पण घरात बसून ऐकता येते.

मला या ३ डेसिबलनी नंतर बरेच दिवस सोडले नाही. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास चालतात असे एक प्रमाण आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. म्हणजे कानाला जो फरक नीट कळतही नाही, तोच कानाचे आयुष्य निम्मे करतो. अब्बा मिरवणुकीत कर्ण्याखाली सकाळपासून रात्रीपर्यंत उभे असत. शेवटची काही वर्षे त्यांना अजान ऐकू येत नसे. अम्मी खांद्याला हात लावून वेळ सांगायची, आणि ते नेहमी म्हणायचे, "मशीन बिघड्या क्या?"

२००० च्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ कर्णे बंद केले. फजर सहाच्या आधीच येते. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात भोंग्यांवरून राजकारण पेटले, तेव्हा मोहल्ल्यातली पोरे चिडली होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले. त्याच वर्षी मुंबईतल्या काही मशिदींनी मोबाइलवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. मला त्या निकालात राग येण्यासारखे काही दिसले नाही. अजान कर्ण्याच्या शेकडो वर्षे आधीची आहे. राग येतो तो मोजपट्टी एकाच दारात घेऊन उभे राहणाऱ्यांचा. डीजेच्या भिंतीसमोर खिडक्या थरथरतात तेव्हा ती मोजपट्टी कुठे असते? आणि खरे बोलायचे तर, आमच्यातही कर्णा वाढवताना इबादतीपेक्षा ईर्षाच जास्त असते. ती ईर्षा भाड्याने देऊनच आमचे घर चालले, हेही मला ठाऊक आहे.

मशीन आता पुण्यात आहे. नवे ईएल ३४ स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथून येतात, महाग पडतात. काढलेले दोन मी जपून ठेवायला सांगितले आहेत. जोड-पॉटवर अम्मीच्या मेंदीच्या काडीने एक ठिपका देऊन ठेवला आहे, त्यापुढे न्यायचे नाही म्हणून. मेंदी पत्र्यावर टिकत नाही, असे भाचा म्हणतो.