जुना मिनी ट्रॅक्टर बघायला जाताना

फळछाटण्या तोंडावर आल्या की जुने मिनी ट्रॅक्टर बघणाऱ्यांचे फोन सुरू होतात. परवा मेव्हण्याचा आला. "दाजी, एक चोवीस एचपीचा फोर व्हील हाय, सौदा चांगला हाय, येताय का बघायला?" म्हणलं येतो, पण मालकाला एवढंच सांग, आम्ही येईपर्यंत चालू करू नको.

सकाळी सातला पोचलो. चहा यायच्या आत मी बॉनेटखाली हात घातला, तर इंजिन कोमट. मालक म्हणाला, "तुमच्यासाठी आत्ताच बाहेर काढला." काढला असंल बी. पण मी मेव्हण्याला म्हणलं, चहा घे आणि चल, उद्या परत येऊ. तो फुगला. वीस किलोमीटर परत यायचं म्हणजे माझं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं.

त्याला माझी 2019 ची गोष्ट अर्धीच माहीत. त्या वर्षी मी एका यार्डातनं असाच मिनी घेतला. नवा रंग, नवे टायर, अर्ध्या सेल्फला चालू. पैशाला मालकिणीच्या पाटल्या बँकेत ठेवल्या होत्या. ऑक्टोबरात तो न संपणारा पाऊस लागला. बाग पोंग्यातनं बाहेर येऊन घड दिसत होते आणि डावणीसाठी दिवसाआड फवारा चालू. भरल्या ब्लोअरला ट्रॅक्टर तापायला लागला, तिसऱ्या दिवशी रेडिएटरच्या पाण्यावर ऑईलचा तवंग. हेड गॅस्केट गेलं होतं, लायनर पण घासलेले. चार दिवस गाडी मिस्त्रीकडं. भाड्यानं ब्लोअर कोण देणार, ज्याचा त्याला पुरत नव्हता. पाचव्या दिवशी पानामागं पांढरी बुरशी आणि निम्म्या बागेचे घड गेले. मालकीण काही बोलली नाही. पाटल्या सुटायला तीन वर्षं गेली.

मिस्त्रीनं तेव्हा सांगितलं की आधी गरम करून ठेवलेलं इंजिन कुणालाबी चांगलंच वाटतं. झिजलेले रिंग-लायनर, कमी झालेलं कॉम्प्रेशन, दमलेली बॅटरी, सगळं गार इंजिनातच उघडं पडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही न सांगता सहाला गेलो, मिस्त्रीला घेऊन.

इंजिन गार होतं. आधी ऑईलची पट्टी ओढली. ऑईल काळं होतं ते चालतं, दुधासारखं असलं तर पाणी शिरलंय, तिथनंच परत फिरायचं. मग रेडिएटरचं झाकण उघडून सेल्फ मारला (हे गार असतानाच, गरम झाकण उघडून तोंड भाजून घेऊ नका). पाण्यात बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट गेलेलं. आले नाहीत. तिसऱ्या सेल्फला चालू झाला, थोडा पांढरा धूर आला आणि दोन मिनिटात गेला. निळा टिकून राहिला असता तर इंजिन ऑईल खातंय. ऑईल भरायचं झाकण काढून तळहात धरला, भकाभका वाफ नव्हती.

मीटरवर तास कमी दिसत होते. मीटरवर माझा भरवसा नाही. पायडलचं रबर आणि ट्रॉली जोडायच्या पट्टीचं भोक बघा. भोक लांबट झालं असलं तर गाडीनं ट्रॉली भरपूर ओढलीय. इथं भोक गोल होतं.

खरी परीक्षा ब्लोअरची. मेव्हण्याचाच ब्लोअर नेला होता, पाण्यानं भरून पीटीओ 540 वर अर्धा तास चालवला. काटा मधेच राहिला. मग रोटर उचलून इंजिन बंद केलं, तर लिफ्ट हळूहळू खाली आली. मालकाचं तोंड उतरलं. मिस्त्री म्हणाला सील गेलेत, इंजिनाच्या कामापुढं हा खर्च काहीच नाही. पुढचे दोन टायर मात्र वेगवेगळ्या मापाचे निघाले. फोर व्हीलला हे वाईट, पुढच्या गिअरवर ताण येतो. मिस्त्रीनं पुढची चाकं उचलून फिरवली, आवाज नव्हता, हबमधनं ऑईल पण नव्हतं. टायर आणि सीलचे पैसे किमतीतनं कमी करून घेतले.

कागदात घोळ निघाला. आरसीवर अजून फायनान्सचा बोजा. मालक म्हणतो हप्ते कधीच फिटले. फिटले असतील, पण एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना नाव कसं लागणार? 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घेतल्या, चेसिस नंबर पुसून आरसीशी जुळवला. आमच्याकडं कर्नाटकातल्या गाड्या पण येतात, त्यांना तिकडच्या आरटीओचा फॉर्म 28 लागतो.

फक्त इसार दिलाय. मेव्हणा म्हणतोय छाटणी दहा दिवसावर आली, सगळे पैसे देऊन गाडी आणू. मी नाही म्हणलंय. मालक सोमवारी कागद आणायला जाणार आहे, तोवर गाडी त्याच्याच दारात.