शेजारचं टेबल

अमेरिकेत पीएचडी करताना चार वर्षं आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. ती अटलांटाची, मी साताऱ्याची. विभागातली ती एकुलती एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी, त्यामुळे प्रत्येक समितीत तिचं नाव ठरलेलं. पदवीच्या वर्गांतली काळी मुलंही तिच्याकडेच येत. कुणाची फी थकलेली, कुणी नापास झालेलं आणि घरी सांगायची हिंमत नाही. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. या तासांची नोंद कुठेच होत नसे. प्रबंधाचं प्रकरण लांबलं, की गाइड मात्र विचारत, "लक्ष कुठं आहे तुझं?"

काळ्या बायकांची बाळंतपणं आणि दवाखाने, हा तिचा विषय. एका सेमिनारमध्ये प्राध्यापक तिला म्हणाले, "विषय तुला फार जवळचा आहे. तटस्थ राहता येईल?" मी माझ्याच आजीच्या गावातल्या ओव्यांवर काम करत होते, मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तरी मी गप्प बसले. बाहेर आल्यावर तिच्यासाठी कॉफी आणली. त्या कॉफीची मला आजही लाज वाटते.

पुढे एका परिषदेसाठी शिकागोला गेलो, तेव्हा तिने मला मुद्दाम तिथल्या विद्यापीठाच्या रेनॉल्ड्स क्लबमध्ये नेलं. तिथे जॉर्जियाना सिम्पसन यांचा अर्धपुतळा आहे. १९०७ मध्ये काही गोऱ्या मुलींनी तक्रार केली आणि अध्यक्ष जडसन यांनी सिम्पसनना वसतिगृहाबाहेर काढलं. त्या बाहेर राहून, उन्हाळी वर्गांना बसून, टपालाने धडे मागवून शिकत राहिल्या. १९२१ मध्ये जर्मन विषयात डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी सेडी अलेक्झांडर अर्थशास्त्रात आणि इव्हा डाइक्स इंग्रजीत. अमेरिकेत पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या बायका या तिघी. २०१७ मध्ये विद्यार्थिनींच्या खटपटीने बसलेला हा पुतळा जडसन यांच्या उठावशिल्पासमोरच आहे.

ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "परवा फेलोशिप मिळाली ना मला, तर वर्गातला एकजण म्हणाला, तुमच्यासाठी जागा ठेवलेलीच असते."

पुण्यात होस्टेलवर माझ्या रूममेटला मीच म्हणाले होते, "तुझं काय बाई, कॅटेगरीतून होऊन जाईल." ती ताट घासत होती. तिने मान वर केली नाही.

मैत्रिणीला हे मी तिथंच, पुतळ्यापाशी सांगितलं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "तुझी ती रूममेट पुढं शिकली का?"

मला माहीत नव्हतं.